राजीखुशीची खरेदी

आम्ही काही मागितलं नव्हतं. हे पहिलं सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्याच्या बार्शीत दहा जणांनी दहा कथा केल्या. सुपारी फुटली त्या दिवशी मी भरल्या बैठकीत मुलीच्या वडिलांना, दिगंबररावांना, म्हणाले, "मुलगी आणि नारळ द्या. बाकी आमची काही अपेक्षा नाही. लेकीच्या संसाराला काय द्यायचं ती तुमची हौस."

ते म्हणाले, "हो हो, हौस आहेच."

मग मी फक्त दुकान कोणतं ते सांगितलं. आणि यादी दिली. यादी द्यावीच लागते, नाहीतर माणूस दोन पराती घेऊन येतो आणि झाकण एक नसतं.

मी शालन बारंगुळे. कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पाकिटं करून विकते. हर्षद चार वर्षांचा होता तेव्हा त्याचे वडील गेले. तेव्हापासून आजपर्यंत मी कुणाच्या दारात हात पसरला नाही. आज अकरा बायका माझ्याकडं कामाला आहेत आणि माल पुण्यापर्यंत जातो. त्यामुळं फ्रीज आणि एक्कावन्न भांड्यांसाठी मी कुणाला अडवीन, असं म्हणणाऱ्याची जीभ झडो.

पण माझी जाऊ इंदू समोरच्याच घरात राहते. गेल्या वर्षी तिच्या सुनेचं सामान टेंपोतून उतरलं तेव्हा ती ओट्यावर उभी राहून "अरे जपून, जपून" ओरडत होती. ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांचंही जावं म्हणून. गल्लीनं भांडी मोजली. माझ्या दारात रिकामा टेंपो उभा राहिलेला इंदूनं बघावा? छे.

खरेदीच्या दिवशी सकाळी हर्षद माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चप्पल घालून, म्हणजे बोलून लगेच निघता यावं म्हणून.

"आई, प्रतीक्षा म्हणाली आहे, आज दुकानात तिच्या वडिलांना अवघडल्यासारखं झालं, तर ती लग्नाचा परत विचार करणार आहे."

"कोण अवघडवतंय त्यांना?"

"कोणी नाही. तू फक्त बोलू नकोस."

"तोंडाला कुलूप लावून येऊ का?"

"लाव. किल्ली माझ्याकडं दे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ती नाही म्हणाली तर मी दुसरी मुलगी बघणार नाही, आई. हे धमकी म्हणून नाही सांगत."

धमकी असती तर परवडली असती. धमकीला मला उत्तर देता येतं. मी पदर खोचला, सोडला, परत खोचला. कारण एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. दोन दिवसांपूर्वीच मी दुकानदार तोडकरी आण्णांना फोन करून सगळ्या भांड्यांवर नावं घालून ठेवायला सांगितलं होतं. माझी सासू म्हणायची, नाव घातलेलं भांडं आणि हळद लागलेली पोरगी परत जात नाही. दिगंबररावांनी आयत्या वेळी पंचवीस भांड्यांवर आटपू नये, एवढाच माझा हेतू.

आता कार्डाचं सांगते, कारण सगळं त्यानंच घडवलं.

पूर्वी कार्डावर खरेदी केली की संरक्षण असायचं ते वस्तूला. काच फुटली तर बदलून, सामान चोरीला गेलं तर भरपाई, दुकानदारानं फसवलं तर पैसे परत. मग ते फोनवरच्या खोट्या पोलिसांचं आलं. म्हाताऱ्या माणसांना तीन तीन दिवस फोनवर धरून ठेवायचे आणि त्यांच्याच हातानं खरेदी करवायचे. कुर्डुवाडीच्या एका रिटायर मास्तरनं एका दिवसात नऊ टीव्ही घेतले, पाठवले भलत्याच पत्त्यावर. कार्ड खरं, अंगठा खरा, गुप्त आकडा खरा. मन तेवढं त्याचं नव्हतं. बँकांनी डोकं धरलं. चोर बाहेरून येत होता तोवर दाराला कुलूप चालत होतं. आता मालकच दार उघडून देत होता.

म्हणून नवीन कार्ड निघालं. त्याचं नावच राजीखुशी संरक्षण. मोठी खरेदी करताना कार्डावरच्या काळ्या चौकोनावर अंगठा टेकवून वीस सेकंद थांबायचं. तुम्ही दबावाखाली घेताय असं वाटलं तर दुकानातल्या मशीनवर लाल दिवा लागतो आणि व्यवहार अडतो.

प्रतीक्षा दवाखान्यात हृदयाचे आलेख काढते. सुपारीनंतर एकदा घरी आली होती तेव्हा मी तिला विचारलं होतं, "अगं, एवढ्याशा पत्र्याला माझ्या मनातलं काय कळणार?"

"मनातलं नाही कळत, काकू. अंगातलं कळतं. त्यातून बारीक उजेड कातडीत जातो आणि रक्ताची ये-जा मोजतो. निवांत माणसाचं काळीज घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर कमी-जास्त होत राहतं. श्वास घेतला की ठोके जवळ येतात, सोडला की लांबतात. माणूस घाबरला की ती अंतरं सारखी व्हायला लागतात."

"म्हणजे घाबरल्यावर नीट चालतं?"

"कवायत करतं," ती म्हणाली. "शिवाय बोटांतलं रक्त आत ओढलं जातं, बोट गार पडतं. घाम येतो, घामातल्या मिठातून वीज चटकन जाते. या तिन्ही गोष्टी एकदम झाल्या की ते ओळखतं."

"आणि आनंदानं धडधडलं तर?"

"तेव्हा बोट गरम असतं. आणि ते तुमची तुलना दुसऱ्या कुणाशी करत नाही. पहिले तीन महिने नुसतं बघतं, तुम्ही भाजी घेताना कशा असता, तेल भरताना कशा असता. मग तुमची तुलना तुमच्याशीच."

"कोण दाबतंय तेही सांगतं का?"

"नाही. माणूस दबलाय एवढंच."

मला तेव्हा ते यंत्र आवडलं होतं. म्हटलं, बरं आहे, भोळ्या माणसांच्या कामाचं.

बाराच्या सुमाराला आम्ही दुकानात पोचलो. दिगंबरराव परांड्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक आहेत. किडकिडीत माणूस, इस्त्रीचा शर्ट, खांदे सदा कानाला टेकलेले. मला वाटायचं, त्यांची ठेवणच तशी. बायको नाही, प्रतीक्षा एकुलती एक. मी तोंड मिटून होते. एकदाच म्हणाले, "फ्रीज दोन दारांचाच बघा, एका दाराचे आता कोणी घेत नाही," आणि तेही फ्रीजकडं बघून.

तोडकरी आण्णांनी एकूण रक्कम मशीनवर टाकली. दिगंबररावांनी अंगठा टेकवला. वीस सेकंद गेले. दिवा लाल.

मशीनमधली बाई म्हणाली, "ही खरेदी आपण राजीखुशीनं करत आहात का?"

"हो, हो, राजीखुशीनं," ते तिचं वाक्य संपायच्या आत म्हणाले.

"खरेदी थांबवली आहे. आपल्या सोबतच्या व्यक्तींनी एकेक करून दहा पावलं दूर जावं."

"नियम आहे," आण्णा कसनुसं हसून म्हणाले. "कधी कधी उन्हातून आलं की होतं असं. प्रतीक्षाबाई, तुम्ही जरा बाहेर."

प्रतीक्षा बाहेर गेली. दिवा लाल.

हर्षद बाहेर गेला. लाल.

मग आण्णा माझ्याकडं बघेनात. पावतीपुस्तक चाळायला लागले. दुकानात पंखा होता तरी माझ्या पाठीवर घामाची धार लागली. "मी काय परकी आहे का?" मी म्हणाले. पण म्हणत म्हणतच पायरी उतरले. म्हटलं, आता मी बाहेर उभी राहीन, दिवा लालच राहील आणि यंत्र बिघडलंय हे चौघांना कळेल.

काचेतून दिसत होतं. दिगंबररावांनी अंगठा टेकवला. आणि त्या माणसाचे खांदे खाली आले. मला त्यांची मान पहिल्यांदा दिसली. लांब मान आहे त्यांना.

दिवा हिरवा झाला.

शेजारच्या चपलांच्या दुकानातला माणूसही बघत होता. त्याला सगळं कळलं, कारण हल्ली सगळ्यांना हे मशीन माहीत आहे. हर्षदनं रस्त्याकडं तोंड फिरवलं. प्रतीक्षानं मात्र माझ्याकडंच बघितलं.

"आम्ही काही मागितलं नव्हतं," मी म्हणाले. मला कोणी काही विचारलं नव्हतं.

आत दिवा हिरवा असूनही दिगंबररावांनी लगेच पैसे भरले नाहीत. आण्णांशी काहीतरी बोलले. आण्णांनी मान हलवली, फळीवरून एक खोकं काढलं. दिगंबररावांनी परत अंगठा लावला, परत हिरवा, आणि ते खोकं छातीशी धरून बाहेर आले.

"दुधाचा कुकर," ते लेकीला म्हणाले. "शिट्टीचा. तुझं लक्ष राहत नाही, दूध उतू जातं रोज. हे मला केव्हापासून घ्यायचं होतं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाकीचं... बाकीचं मला जमायचं नाही, विहीणबाई. हप्ते तीन वर्षं चालले असते."

तोवर आण्णा दारात आले. बिचारा व्यापारी माणूस, त्याला मध्ये पडायची हौस नव्हती. "ताई, पण भांड्यांचं काय करू? ती मला दुसऱ्या कुणाला विकता येणार नाहीत. नावं पडलीत."

"कुणाची नावं?" प्रतीक्षानं विचारलं.

मी काही बोलायच्या आत ती आत गेली. मांडून ठेवलेल्या भांड्यांतलं सगळ्यात मोठं पातेलं उचलून उजेडात धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "चि. सौ. कां. प्रतीक्षा हिस वडिलांकडून सप्रेम भेट." मग डबा उचलला, तेच. तांब्या, तेच. "आण्णा, हे कधी घातलं?"

"परवा. ताईंचा फोन आला होता."

"बाबा," तिनं बाहेर बघून हाक मारली, "तुमची सप्रेम भेट परवाच देऊन झाली आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही वाटतं."

हर्षद माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आई." एवढंच. तो लहानपणी तापात असा बोलायचा.

माझ्यासारखीला अशा वेळी एकच गोष्ट येते, आणि ती मी केली. दुकानात शिरले, पिशवीतून माझं कार्ड काढलं, काउंटरवर आपटलं. "एक्कावन्न भांड्यांचे पैसे माझ्याकडून घ्या. बारंगुळ्यांच्या घरात पैशाला तोटा नाही."

माझं कार्ड ज्वारीच्या पोत्यांवर आणि शेंगदाण्याच्या गोण्यांवर शिकलेलं. आडतीत मी चारशे पोती एका दमात घेते, दिव्यानं कधी डोळा वटारला नाही. मी अंगठा टेकवला.

लाल.

"रोख देते," मी म्हणाले.

"एवढी रोख घ्यायला बंदी आहे, ताई. तुम्हाला माहीत आहे."

"मग सगळे व्हा बाहेर! कुणाचा दबाव आहे माझ्यावर ते दिसू दे."

गेले सगळे. हर्षद गेला, प्रतीक्षा गेली. तरी लाल. आण्णा स्वतः गेले, पोत्यासारखे पायरीवर उभे राहिले. दुकानात मी एकटी, समोर चकचकीत एक्कावन्न भांडी, आणि प्रत्येकात माझं तोंड, कुठं लांबट, कुठं चपटं.

"आपल्याजवळ कोणी आहे का?" मशीनमधल्या बाईनं विचारलं.

"नाही."

"फोनवर कोणी आहे का?"

"नाही गं बाई."

"ही खरेदी आपण राजीखुशीनं करत आहात का?"

"हो."

लाल. अंगठा पुसला, पदराला घासला, परत लावला. लाल. माझं बोट मलाच गार लागत होतं, एप्रिलच्या उन्हात. इंदू तिथं नव्हती, ती घरी कलिंगड कापत बसली असणार. सासूला जाऊन चौदा वर्षं झाली. माझ्या बापानं मला सात भांडी दिली होती. सासू पाहुण्यांसमोर एकेकावर चमचा मारायची आणि म्हणायची, ऐका, पत्र्याचा आवाज कसा येतो. तीसुद्धा तिथं नव्हती. दुकानात चमचेही नव्हते, ते पलीकडच्या खोलीत ठेवतात. मी हे सगळं तपासून बघितलं. खरंच कोणी नव्हतं.

मग दारात जाऊन मी हाक मारली, "प्रतीक्षा, आत ये. तुला हे समजतं ना? दुरुस्त कर."

ती आली. मशीनकडं बघितलं नाही. माझा अंगठा हातात घेऊन दाबून बघितला, दवाखान्यात बघतात तसा.

"मशीन बिघडलेलं नाही, काकू. तुम्हाला ही भांडी हवीत का?"

"एक्कावन्न भांडी घेऊन मी काय करू? आहेत तीच माळ्यावर पडलीत."

"हर्षदला हवीत?"

"त्याला चहाचं पातेलं कुठं असतं ते माहीत नाही."

"मला तर नकोतच. बाबांना परवडत नाहीत. मग हवीत कुणाला?"

माझ्या जिभेला गप्प राहायची सवय नाही, ती तोंडात नुसती फिरत होती.

"इंदूला," मी म्हणाले. तोंडातून गेलं तसं गेलं. "त्या सटवीला एक भांडं मिळणार नाही यातलं, पण हवीत तिलाच."

प्रतीक्षा आधी हसली. मग माझंही पोट हललं. इंदू घरी निवांत कलिंगड खातेय आणि मी तिच्यासाठी घामाघूम होऊन खरेदी करतेय, हे असं समोर मांडल्यावर कुणाला हसू येणार नाही? डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"नावं मी घालायला लावली," हसू ओसरल्यावर मी म्हणाले. "आण्णाचं नुकसान कशाला? पैसे माझेच जायला हवेत. भाकरीच्या कारखान्यात वापरू, बायका पीठ मळतील त्यात."

"मग तसं म्हणून लावा अंगठा."

लावला. वीस सेकंद तिनं माझं मनगट सोडलं नाही. मशीनमधली बाई काही बोलली नाही. हिरवा दिवा लागला आणि पैसे गेले.

"बोट गरम झालं," प्रतीक्षा म्हणाली.

"ते जाऊ दे. लग्नाचं काय?" मला आडवळणानं विचारता येत नाही. "मोडतेस?"

तिनं हात सोडला. "मला हर्षद हवा आहे, काकू. ते तुम्हालाही माहीत आहे. पण बाबांना असं दबलेलं बघत मला तुमच्या घरात सून म्हणून वावरता येणार नाही. त्यांना विचारा. ते नको म्हणाले तर नको."

"ते माझ्यासमोर नको म्हणतील का?"

"बघा," ती म्हणाली. "म्हणू शकतील असं विचारता येतंय का ते बघा."

दिगंबरराव चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते, मांडीवर खोकं. हर्षद त्यांच्यासाठी पाणी आणायला गेला होता. मी बार्शीच्या बाजारात पायरीवर कधी बसले नाही. त्या दिवशी बसले, आणि त्यांच्यापेक्षा एक पायरी खाली बसले, कारण वर जागा नव्हती. ते लगबगीनं उठायला लागले.

"बसा हो," मी म्हणाले. मग जरा हळू, "बसा. दिगंबरराव, हे लग्न करायचं का नाही, ते तुम्ही सांगायचं आहे. तुमची पोरगी तुमच्या शब्दावर थांबली आहे. माझंही पोरगं."

त्यांनी खोक्यावरची चिकटपट्टी नखानं उचकटली, परत चिकटवली. मला दहा वेळा बोलावंसं वाटलं. दातांखाली जीभ धरून बसले.

"पोरगं तुमचं सोन्यासारखं आहे," ते शेवटी म्हणाले. "मोडायचं माझ्या मनात कधी आलं नाही. पण विहीणबाई, सुपारीच्या दिवसापासून मला धड झोप नाही. तुम्ही म्हणालात हौस. मी घरी जाऊन त्या हौसेची बेरीज केली. प्रयोगशाळेत माझ्या हातून दोन नळ्या फुटल्या. तुम्ही यादी वाचत होतात ना, तेव्हा मला नको म्हणायचं होतं. तोंडच उघडलं नाही. मला तुमची भीती वाटते."

इतक्या वर्षांत हे मला तोंडावर कोणी सांगितलं नव्हतं. कामाच्या बायकांनी नाही, इंदूनं नाही, पोटच्या पोरानंही नाही. माझ्या ओठांवर चार उत्तरं आली, चारही धारदार. एकेक करून गिळली.

"यादी फाडून टाका," मी म्हणाले. "कुकर तेवढा द्या. त्यावर नाव घालायचं का ते तुम्ही ठरवा."

त्यांनी मान हलवली. खांदे बघितले मी त्यांचे. कानांपासून बरेच लांब होते.

"आता? अजून वाटते भीती?"

ते विचारात पडले. प्रामाणिक माणूस, उत्तर द्यायच्या आधी खरंच आत डोकावून बघितलं.

"थोडी," ते म्हणाले.

"थोडी असू द्या," मी म्हणाले. "सगळी काढून घेतलीत तर मी पाहुण्यांत बोलू कशाच्या जोरावर?"